टर्बो पेट्रोल गाडीला ऑइल कॅच कॅन बसवावा का, आणि बसवायचा तर कसा

खारघरच्या एका गाडीमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गाडीत एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, थेट इंधन फवारणीचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि गाडी चाळीस हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. सर्व्हिसच्या वेळी इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा पाइप काढला तेव्हा त्याच्या आत तेलाचा ओलावा दिसला. एका मित्राने त्यांना ऑनलाइन मिळणारा स्वस्त कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूतले तेल अडवून साठवणारा डबा, घेण्याचा, त्याच्या डोक्यावर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडण्याचा आणि मूळ नळ्यांची तोंडे बंद करण्याचा सल्ला दिला आहे. हे करावे का, डबा कुठे आणि कसा जोडावा, आणि वॉरंटीचे काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आधी उत्तराचा गाभा सांगतो. आपल्या प्रकारच्या इंजिनाला चांगला कॅच कॅन उपयोगी ठरू शकतो. मात्र मित्राने सुचवलेल्या पद्धतीने तो बसवण्यापेक्षा न बसवलेला बरा. क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळाच्या, क्रँकशाफ्ट फिरतो त्या भागातील) वायूंना बाहेर पडण्यासाठी कंपनीने जो मार्ग ठेवला आहे तो जराही न चोंदवता, त्याच मार्गात मध्ये एक थांबा निर्माण करणे, एवढेच या डब्याचे काम आहे. पुढची सगळी चर्चा याच एका अटीभोवती फिरते.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी ज्वलनाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात आणि नव्या इंजिनातही तो असतो. त्यात जळालेला वायू, न जळालेल्या पेट्रोलची वाफ आणि पाण्याची वाफ असते. शिवाय क्रँकशाफ्टच्या घुसळणीमुळे उडालेल्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंबही त्याच्याबरोबर निघतात. हा वायू कोंडून ठेवला तर आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढू लागते, म्हणून तो पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसचा वायू काढून घेणाऱ्या व्यवस्थेतून, पुन्हा इनटेककडे नेऊन जाळला जातो. बहुतेक आधुनिक इंजिनांत टॅपेट कव्हरमध्ये किंवा ब्लॉकच्या बाजूला तेल वेगळे करणारा कप्पा मुळातच असतो. पण तो सगळे तेल अडवू शकत नाही. जे निसटते तेच आपल्याला पाइपमध्ये दिसले. पातळ थर दिसणे सामान्य आहे, त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. पाइप तिरपा केल्यावर तेल ओघळून बाहेर आले असते, तर मात्र गोष्ट वेगळी होती.

टर्बो इंजिनात या वायूला बाहेर पडण्यासाठी सहसा दोन वाटा असतात, आणि डबा बसवणारे अनेक जण नेमके हेच विसरतात. आयडलिंगला किंवा हलक्या पायाने गाडी चालवताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागात) पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, असते, त्यामुळे वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून थेट मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो. टर्बोने बूस्ट दिला, म्हणजे हवा दाबून भरली, की त्याच मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब वातावरणापेक्षा जास्त होतो, चेक व्हॉल्व्ह ती वाट बंद करतो, आणि वायू दुसऱ्या नळीने एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या पाइपात जातो. तेथून तो कंप्रेसर, इंटरकूलर, थ्रॉटल बॉडी असा प्रवास करतो आणि वाटेत तेलाचा थर सोडत जातो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सकाळच्या गर्दीत रांगणाऱ्या गाडीचा बहुतेक ब्लो-बाय पहिल्या वाटेने जातो. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना दुसरी वाट कामाला लागते. म्हणून डबा कोणत्या वाटेवर लावायचा हे गाडी कशी वापरली जाते त्यावर ठरते. इंटरकूलरमधले तेल कमी करायचे असेल तर टर्बोकडे जाणारी नळी महत्त्वाची. इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन कमी करायचा असेल तर मॅनिफोल्डकडे जाणारी नळीही सोडून चालत नाही.

इनटेक व्हॉल्व्हचा मुद्दा थेट फवारणीच्या इंजिनांत विशेष महत्त्वाचा ठरतो. जुन्या पद्धतीच्या एमपीएफआय इंजिनात इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये असतो आणि पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवरून धुवत आत जातो. थेट फवारणीत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये पडते. व्हॉल्व्हच्या पाठीवर बसलेले तेल धुऊन काढायला काहीच नसते, आणि उष्णतेने त्याचा कडक काळा थर होतो. फोक्सवॅगन व स्कोडाचे १.० टीएसआय, ह्युंदाई व कियाचे १.० टी-जीडीआय ही थेट फवारणीची इंजिने आहेत, तर टाटा नेक्सॉनचे १.२ रेव्होट्रॉन टर्बो असूनही पोर्टमध्ये फवारणी करणारे आहे. महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये तर १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन दोन्ही प्रकारांत मिळते. त्यामुळे ‘टर्बो आहे म्हणून कॅच कॅन हवाच’ हे विधान सरसकट खरे नाही. पोर्ट फवारणीच्या, कंपनीच्या मूळ बूस्टवर चालणाऱ्या आणि रोज घर ते ऑफिस जाणाऱ्या गाडीला तो बसवू नये, असेच मी सांगतो.

थेट फवारणीच्या छोट्या टर्बो इंजिनांत आणखी एक कारण आहे. कमी आरपीएमवर जास्त भार दिला, म्हणजे वरच्या गिअरमध्ये पाय दाबून चढ चढवला, की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि सिलिंडरमध्ये पोहोचलेला तेलाचा थेंब त्याला निमित्त ठरू शकतो. हा धोका लक्षात घेऊनच २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही ऑइलची मानके आणली. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल वापरणे हा त्यावरचा पहिला उपाय आहे. कॅच कॅन फार तर दुसरा. तेलाची वाफ किती होते हेही तेलावरच ठरते. २५० अंश सेल्सिअसवर एक तास तापवून तेलाचे वजन किती घटते हे पाहणारी नोॲक चाचणी असते आणि युरोपीय वाहन उत्पादकांच्या एसीईए सी३ मानकात ही घट १३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर खर्च करण्याआधी तेलाच्या माहितीपत्रकातला हा आकडा पाहावा.

डबा काय करू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. व्हॉल्व्हवर आधीच साठलेला कार्बन तो काढत नाही. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून सफाई करावी लागते, आणि त्यातली भरवशाची पद्धत म्हणजे अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारणे. नवा थर साठणे तो पूर्णपणे थांबवतही नाही, कारण काही तेल व्हॉल्व्हच्या दांड्यांच्या सीलमधून येते आणि काही काजळी सिलिंडरमधून मागे फिरणाऱ्या वायूबरोबर येते. ताकद आणि मायलेज वाढण्याच्या जाहिराती तर बाजूलाच ठेवाव्यात.

बसवण्यापूर्वी इंजिन निरोगी आहे का, हे तपासणे मी सक्तीचे मानतो. डिपस्टिकवर तेलाची पातळी कमाल खुणेच्या वर असेल तर क्रँकशाफ्ट तेल घुसळतो आणि ब्रीदरमधून (क्रँककेसचा वायू बाहेर नेणाऱ्या नळीतून) नेहमीपेक्षा खूप जास्त तेल जाते. सर्व्हिसला नव्या तेलाचा कॅन रिकामा करायचा म्हणून उरलेले तेलही इंजिनात ओतून टाकण्याची सवय आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे, आणि पाइपातल्या तेलाचे मूळ कितीतरी वेळा तिथेच सापडते. पातळी बरोबर असेल तर कॉम्प्रेशन आणि शक्य असल्यास लीक-डाउन (सिलिंडरमधून दाब किती गळतो ते पाहणारी) चाचणी करून घ्यावी. रिंगा झिजल्या असतील, गॅरेजच्या भाषेत इंजिन बॅक मारत असेल, तर कॅच कॅन फक्त लक्षण लपवतो. पीसीव्हीचा पडदा फाटला असेल तर आयडलिंगला शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि ऑइलचे झाकण काढायला जोर लागतो; तो आधी बदलावा.

आता खुद्द डब्याविषयी. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यांपैकी पुष्कळसे आतून पूर्ण रिकामे असतात: एका तोंडाने वायू आत, शेजारच्या तोंडाने बाहेर. त्यात तेल थांबण्याचे काही कारणच नसते. वायूचा वेग कमी व्हावा, त्याची दिशा बदलावी आणि त्याला थंड पृष्ठभाग भरपूर मिळावा, या तीन गोष्टी झाल्या तरच थेंब एकत्र येऊन खाली पडतात. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफ धरते तसेच हे आहे. म्हणून आत आडव्या चकत्या, स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी आणि येणारी नळी जाळीच्या खाली उघडणारी अशी रचना हवी. विकत घेण्यापूर्वी डबा उघडून पाहता आला पाहिजे. रिकाम्या डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबण्याचा देशी उपाय कोणी सुचवला तर तो कटाक्षाने टाळावा. तिचे तुकडे होतात आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या कंप्रेसरच्या पात्यांवर जाऊन आदळतात. बाहेरून पातळी दाखवणारी प्लास्टिकची पारदर्शक नळीही इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन गळू लागते. त्याऐवजी आटे असलेली पातळी-कांडी किंवा खाली निचऱ्याचा छोटा कॉक चांगला.

नळीवर पैसे वाचवू नयेत. दुकानात कूलंटसाठी मिळणारी ईपीडीएम रबरची नळी तेलाच्या संपर्काने फुगते आणि मऊ पडते. साधी सिलिकॉनची रंगीत नळी दिसायला सुंदर असते, पण तिच्या भिंतीतून तेल पाझरते. तेल व पेट्रोल दोन्ही सोसणारी नायट्राइल रबरची, किंवा त्याहून उत्तम म्हणजे आतून फ्लुओरो रबरचे अस्तर असलेली नळी घ्यावी. आतला व्यास मूळ नळीइतकाच किंवा किंचित जास्त असावा, कमी तर कधीच नसावा. मूळ नळी १९ मिलिमीटरची असताना डब्याची तोंडे १० मिलिमीटरची असतील तर तो डबा आपल्या गाडीसाठी नाही. मॅनिफोल्डकडची नळी पोकळीने चपटी होणार नाही इतकी जाड हवी. नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये पार्किंगमधल्या उंदरांचा उपद्रव किती आहे हे आपणास माहीत असेलच. वर जाळीचे आवरण असलेली नळी थोडी महाग पडली तरी तिथे ती योग्य ठरते.

जागा निवडताना दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. डबा थंड जागी, शक्यतो पुढून हवा लागेल असा असावा, आणि टर्बो व एक्झॉस्टपासून लांब असावा, कारण टर्बोच्या गरम घरावर तेल ठिबकले तर आग लागू शकते. ब्रॅकेट बॉडीला पक्का करावा आणि नळीला थोडी सैल लांबी ठेवावी. तीन सिलिंडरचे इंजिन गिअर टाकताना व बंद करताना बरेच हलते आणि ताणलेली नळी निप्पलवरून सटकते. नळी कुठेही झोळीसारखी लोंबू देऊ नये, कारण त्या खोलगट भागात पाणी व तेल साचून मार्ग बंद होतो. एबीएसचे युनिट, एसीचे पाइप किंवा फ्यूज बॉक्सला टेकवून डबा बसवलेला मी वागळे इस्टेट आणि तुर्भे या दोन्ही भागांत पाहिला आहे. बॉनेट उघडल्यावर मोकळी दिसणारी जागा मोकळी का ठेवली आहे, याचा विचार त्यामागे केलेला नसतो.

जोडणी करताना मूळ नळ्या कापू नयेत. त्या काढून जपून ठेवाव्यात आणि त्याच मापाचे जोड वापरून नव्या नळ्या लावाव्यात, म्हणजे पूर्वस्थितीला येणे अर्ध्या तासाचे काम राहते. दोन्ही वाटांसाठी दोन स्वतंत्र डबे बसवणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत निर्धोक रचना आहे. एकाच डब्यात दोन्ही वाटा आणल्या तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नळीवर स्वतंत्र चेक व्हॉल्व्ह हवा. तो नसेल तर बूस्टच्या वेळी मॅनिफोल्डमधला दाब डब्यातून उलटा क्रँककेसमध्ये शिरतो, आणि आयडलिंगला थ्रॉटलला वळसा घालून हवा आत येते. आणखी एक बारकावा असा की काही इंजिनांत हलक्या भारावर टर्बोकडची नळी ताजी हवा आत घेते, म्हणजे तिच्यात प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो. अशा नळीवर चेक व्हॉल्व्ह लावला तर ती ताजी हवा बंद होते. त्यामुळे आपल्या इंजिनाची पीसीव्हीची आकृती कार्यशाळा पुस्तिकेत पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये. काही इंजिनांत मॅनिफोल्डकडची वाट कव्हरच्या आतूनच कोरलेली असते आणि तिथे बाहेरून डबा लावताच येत नाही; अशा वेळी टर्बोकडच्या नळीवर एकच डबा लावून समाधान मानावे.

मित्राने सुचवलेला उघडा फिल्टर तीन कारणांनी नको. पहिले म्हणजे ज्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे, तिथे मोजलेली आणि प्रत्यक्ष आत आलेली हवा जुळेनाशी होऊ शकते, मिश्रण बिघडते आणि पी०१७१ (मिश्रणात इंधन कमी) सारखा कोड देऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. दुसरे म्हणजे मूळ वाटेतली पोकळी गेल्यामुळे क्रँककेसमधली वाफ ओढून काढणारे कोणी राहत नाही. पाणी आणि पेट्रोल तेलात जास्त काळ राहते, आणि गाडी सिग्नलला थांबली की एसीच्या हवेबरोबर त्याचा वास केबिनमध्ये येतो. तिसरे म्हणजे क्रँककेसचा वायू वातावरणात सोडता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार मंजूर झालेली गाडी अशी बदलणे हा उत्सर्जनाच्या नियमांचा भंग आहे.

काम झाल्यावरची तपासणी हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधावी, दोन्ही भुजा मीटरभर उंच ठेवाव्यात, निम्मे पाणी भरावे, एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवावे आणि दुसरे उघडे ठेवावे. दोन भुजांमधल्या पाण्याच्या पातळीत १०० मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल दाब. डबा बसवण्याआधी आयडलिंगला आणि तीन हजार आरपीएमला वाचन लिहून ठेवावे आणि नंतर तेच पुन्हा घ्यावे. आयडलिंगला आधी पोकळी दिसत होती आणि आता दाब दिसत असेल, तर डबा किंवा नळी वाट अडवत आहे असे समजून ती उतरवावी. या दाबाकडे दुर्लक्ष केल्यास मागच्या मेन ऑइल सीलमधून गळती सुरू होते, आणि टर्बोमधले तेल गुरुत्वाकर्षणानेच खाली उतरत असल्याने त्याचा निचरा अडतो, ते सीलमधून निसटते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मग निष्कारण टर्बोला दोष दिला जातो. याच वेळी ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या उपकरणावर) फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक इंधनात करत असलेल्या दुरुस्तीचे, आधीचे व नंतरचे आकडेही ताडून पाहावेत. काही टक्क्यांहून अधिक फरक पडला असेल तर कुठेतरी हवा गळत आहे, आणि ती शोधायला स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती पाहणे) करावी.

वॉरंटीबाबत स्पष्ट सांगायचे तर, मुदत शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबावे. इनटेक किंवा टर्बोशी संबंधित दावा आला की सर्व्हिस सेंटरचे पहिले बोट या डब्याकडे जाईल, आणि डब्यामुळे बिघाड झाला नाही हे सिद्ध करण्याचा त्रास आपल्यावर येईल. चाळीस हजारांच्या टप्प्यावर वर्षभर थांबल्याने इंजिनाचे काही बिघडत नाही.

एकदा बसवला की डबा नियमित रिकामा करावा लागतो, आणि ज्यांना बॉनेट उघडण्याचा कंटाळा आहे त्यांनी तो बसवूच नये. पहिल्यांदा हजार किलोमीटरला पाहावे, त्यावरून आपल्या गाडीचे अंतर ठरवावे, आणि डबा निम्म्याहून अधिक भरू देऊ नये. पूर्ण भरलेला डबा वळणावर किंवा घाटात एकदम इनटेकमध्ये रिकामा होऊ शकतो. आत शुद्ध तेल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते बहुतेक सायलेन्सरमधून जाते, पण त्यातला अंश ब्लो-बायबरोबर खाली उतरतो. पावसाळ्यात, त्यातही नेरुळहून सीवूड्सपर्यंत जाऊन परत येण्यासारख्या छोट्या फेऱ्यांत, इंजिन ऑइल पुरेसे तापतच नाही आणि डब्यात फिक्या तपकिरी रंगाचा फेसाळ द्रव साचतो. हेड गॅस्केट जाऊन कूलंट तेलात मिसळल्याची शंका घेण्याआधी कूलंटची पातळी पाहावी. ती स्थिर असेल तर हा फेस केवळ पाण्याचा आहे. याउलट हजार किलोमीटरला शंभर-दीडशे मिलिलिटर निव्वळ काळे तेल जमत असेल, तर डब्याचे कौतुक न करता रिंगांची आणि पीसीव्हीची तपासणी करावी. हिवाळ्यात लडाख किंवा स्पितीला गाडी नेणार असाल तर निघण्यापूर्वी डबा काढून मूळ नळ्या जोडाव्यात, कारण शून्याखाली हे पाणी गोठून वायूची वाट पूर्ण बंद करू शकते.

डब्यातून निघालेला द्रव पुन्हा इंजिनात ओतू नये. त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्लधर्मी घटक असतात. तो गटारात किंवा सोसायटीच्या झाडांच्या आळ्यातही टाकू नये. झाकणाच्या बाटलीत साठवून पुढच्या सर्व्हिसला गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात द्यावा, तिथून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाते.